सर्व्हरचा ‘काल’ सांभाळताना

तुळशीचं लग्न लागलं की आरे-वारेच्या रस्त्यावर वेगळीच वरात सुरू होते. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा किनारी रस्ता जिथे डोंगरावर चढतो आणि दोन्ही बाजूंना दोन पुळणी दिसायला लागतात, तिथे संध्याकाळी एखादा तरी ड्रोन घोंघावत असतोच. खाली सुरूच्या बनाजवळ लेहेंगा सावरणारी मुलगी, कोटात घामाघूम झालेला मुलगा, रिफ्लेक्टर धरून कंटाळलेला धाकटा भाऊ आणि ‘सूर्य चाललाय, लवकर या!’ म्हणून ओरडणारा फोटोग्राफर. प्री-वेडिंग शूट चालू आहे.

रील टाकली की आपल्यासाठी गोष्ट संपते. ज्याने शूट केलंय त्याच्यासाठी ती तिथे सुरू होते. १०० मेगाबिटच्या वेगाने चित्रित केलेला फोर-के व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातो. दोन कॅमेरे, एक ड्रोन, वर रॉ फोटो. लग्नाचा एक हंगाम काढला की काही टीबी कुठेच जात नाहीत. हे सगळं रात्री उशिरा शहरातल्या स्टुडिओत, टेबलाखालच्या चार हार्ड डिस्कच्या एका डब्यात ओतलं जातं. त्या डब्याला दुकानदार ‘नॅस’ म्हणतो. प्रत्यक्षात तो एक छोटा सर्व्हरच असतो, चोवीस तास चालू आणि स्टुडिओतल्या तिघाचौघांना एकाच वेळी उघडा.

आता समजा, जानेवारीतली रात्र आहे. एका फोल्डरचं नाव ‘फायनल’, दुसऱ्याचं ‘फायनल नवीन’, तिसऱ्याचं ‘फायनल नवीन खरं’. जागा कमी पडतेय म्हणून कुणीतरी एक फोल्डर उडवतं आणि सकाळी कळतं की उडालेलं तेच खरं होतं. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून डिलीट केलेली फाइल आपल्या पीसीच्या रिसायकल बिनमध्ये सहसा येत नाही, ती सरळ जाते. ‘पण आपल्याकडे रेड आहे ना?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो. आहे, पण रेड म्हणजे एक डिस्क मेली तर दुसरीने काम चालवायचं, एवढंच. तुम्ही डिलीट म्हणालात की ती बिचारी सगळ्या डिस्कवर इमानदारीने डिलीट करते.

लग्न पुन्हा लागत नाही आणि तो सूर्यास्तही परत येत नाही. उरतो एकच प्रश्न: या डब्याला त्याचा ‘काल’ आठवतो का?

तलाठ्याचा कंस

सर्व्हरने काल आठवून ठेवण्याच्या सोयीला स्नॅपशॉट म्हणतात. नावामुळे फोटो डोळ्यांसमोर येतो आणि तिथेच समज चुकते. फोटो म्हणजे वेगळी प्रत. स्नॅपशॉट घेताना कसलीही प्रत निघत नाही, म्हणून तर चार टीबीचा स्नॅपशॉट दोन-तीन सेकंदांत तयार होतो आणि त्या क्षणी जागा जवळजवळ शून्य घेतो.

मग होतं काय? कोकणातल्या माणसाला हे सातबाऱ्यावरून लगेच कळेल. आजोबा गेले, वारस लागले. तलाठी (हल्लीचे ग्राम महसूल अधिकारी) आजोबांचं नाव खोडरबराने पुसत नाहीत. ते जुन्या नावाला कंस करतात, फेरफार क्रमांक टाकतात आणि नवी नावं खाली लिहितात. जुनं तिथेच राहतं, फक्त चालू राहत नाही. तीस सहहिस्सेदारांच्या सातबाऱ्यावर कंसांचं जंगल का असतं, ते यामुळेच.

झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टीम असंच वागतात. फाइल बदलली की जुन्या जागेवर गिरवायचं नाही, नवा मजकूर नव्या कोऱ्या जागेत लिहायचा. एरवी जुनी जागा ‘मोकळी’ म्हणून परत दिली जाते. स्नॅपशॉट घेतलेला असेल तर सिस्टीम म्हणते, थांबा, अमुक तारखेच्या उताऱ्यावर ही नोंद आहे, तिला हात लावायचा नाही. बस, एवढंच. या तंत्राला ‘कॉपी ऑन राइट’ म्हणतात.

कल्पना काही आजची नाही. नेटअ‍ॅप कंपनीच्या डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये ‘वॅफल’ या फाइल सिस्टीमवर निबंध सादर केला, त्यात हे सगळं आहे. तेव्हा २० स्नॅपशॉट ठेवता येत. २००५ मध्ये सन मायक्रोसिस्टीम्सने झेडएफएस खुलं केलं, २००७ मध्ये ख्रिस मेसनने लिनक्ससाठी बीटीआरएफएस जाहीर केलं आणि बँकांच्या मोठ्या यंत्रांतली चैन टेबलाखालच्या डब्यापर्यंत आली. पण सरसकट प्रत्येक डब्यात नाही हं! नॅस विकत घेताना फाइल सिस्टीम कुठली, हे विचाराच. काही स्वस्त मॉडेलमध्ये एक्स्ट-फोर असते आणि तिच्यात ही सोय मुळात नसते. दुकानदार टीबी किती ते सांगतो, हे सांगत नाही.

सहा तास आधीचा स्नॅपशॉट

स्नॅपशॉटने माणसं कशी वाचतात याचं सगळ्यात प्रामाणिक उदाहरण गिटलॅबचं आहे. जगभरचे प्रोग्रॅमर जिथे आपला कोड ठेवतात अशी ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. डेटाबेसच्या दोन सर्व्हरपैकी दुसरा मागे पडला होता. एक इंजिनीअर त्याच्यावरचा जुना डेटा पुसून नव्याने जुळवणी करायला बसला. डिलीटची कमांड दिली आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, आपण दुसऱ्या सर्व्हरवर नाही, पहिल्यावर आहोत. म्हणजे चालू, खऱ्याखुऱ्या डेटाबेसवर. कमांड थांबवली तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

बरं, बॅकअप? ते तर होतेच की. कागदावर पाच प्रकारचे होते. रोज निघणारी डेटाबेसची प्रत बघायला गेले तर ठेवायची जागाच रिकामी. प्रत काढणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हता, म्हणून तो कधीपासून नुसताच आपटत होता. आपटल्याचे ईमेलही जात होते, पण त्यांवर योग्य सही नसल्याने ते वाटेतच नाकारले जात होते. म्हणजे धोक्याची घंटा वाजत होती, फक्त तिची दोरी तुटलेली होती.

वाचवलं कुणी? त्याच इंजिनीअरने सुमारे सहा तास आधी चाचणीच्या सर्व्हरसाठी हाताने एक एलव्हीएम स्नॅपशॉट काढला होता. वेळापत्रकाप्रमाणे तो चोवीस तासांतून एकदाच निघायचा. त्या योगायोगावर पूर्ण कंपनी परत उभी राहिली. सेवा सुमारे १८ तास बंद होती, सहा तासांचा डेटा कायमचा गेला, त्यात अंदाजे ५००० प्रकल्प आणि ७०० नवी खाती होती. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर कुणाचंही नाव न घेता सगळी जंत्री प्रसिद्ध केली. सर्व्हर सांभाळायचं काम करणाऱ्या प्रत्येक मुलाने ती जंत्री एकदा वाचावी. त्यातून एखाद्या कोर्सपेक्षा जास्त शिकायला मिळतं.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ‘सहा तास’. चोवीसचे सहा झाले ते नशिबाने. ते नशिबावर सोडायचं नसेल तर वेळापत्रक लागतं.

किती ठेवायचे आणि जागा कुठे गेली?

स्नॅपशॉट फुकट आणि झटपट आहे म्हटल्यावर नवा माणूस दर पाच मिनिटांनी एक लावून देतो आणि विसरतो. दोन महिन्यांनी डिस्क फुल्ल. तो घाबरून २०० जीबीचा जुना फोल्डर डिलीट करतो आणि बघतो तर मोकळी जागा एका जीबीनेही वाढलेली नाही! भूतबित काही नाही. त्या २०० जीबीला अजून शंभर स्नॅपशॉट धरून बसलेत. कंस केलेली नावं उताऱ्यावर जागा अडवतातच.

यात आणखी एक गंमत आहे. झेडएफएसमध्ये प्रत्येक स्नॅपशॉटपुढे त्याने वापरलेली जागा दिसते. सोमवारचा स्नॅपशॉट म्हणतो १ जीबी, मंगळवारचा म्हणतो १ जीबी. दोन्ही उडवले की सुटतात ५० जीबी. कारण तो आकडा फक्त त्या एकट्याच्या मालकीच्या जागेचा असतो; दोघांच्या सामाईक ४८ जीबीचा हिशेब कुणाच्याच नावावर नसतो. सामाईक विहिरीसारखं आहे हे. म्हणून उडवण्याआधी सिस्टीमलाच विचारायचं, एवढे काढले तर किती सुटेल? तशी नुसती तालीम करून दाखवणारा पर्याय झेडएफएसमध्ये आहे. तो न वापरता थेट डिलीट करणाऱ्याच्या धाडसाला मी तरी नमस्कार करते.

साधारण चालणारं वेळापत्रक असं असतं: तासाचे २४, रोजचे ३०, महिन्याचे काही. जुने आपोआप गळत जातात. हाताने करायची गरज नाही. झेडएफएससाठी सॅनॉइड, बीटीआरएफएससाठी स्नॅपर किंवा बीटीआरबीके ही मोफत साधनं हेच काम करतात आणि नॅसच्या डब्यात तर हे सेटिंगमध्येच असतं. पण आकडे डोळे झाकून उचलू नका, कामाकडे बघा. स्टुडिओत कच्चं चित्रीकरण एकदा आलं की बदलत नाही, त्यामुळे त्याच्या स्नॅपशॉटला जागा जवळजवळ लागतच नाही. खुशाल वर्षभराचे ठेवा. एडिटिंगच्या तात्पुरत्या फाइल्स मात्र दिवसात दहादा बदलतात. त्यांचे महिन्याचे स्नॅपशॉट ठेवलेत तर कचरा जपल्यासारखं होईल. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या भागांत ठेवायचं आणि वेळापत्रकही वेगळं लावायचं. ही विभागणी पहिल्याच दिवशी केलेली बरी, कारण भरलेल्या डब्यात ती करणं म्हणजे भाडेकरू आत असताना भिंत पाडणं.

झेडएफएसचा डबा साधारण ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नये, असा जुन्या लोकांचा दंडक आहे. पुढे तो मंदावतो. एलव्हीएमच्या जुन्या पद्धतीच्या स्नॅपशॉटची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला आधीच ठरावीक जागा द्यावी लागते आणि ती भरली की स्नॅपशॉट चक्क बाद होतो. व्हीएमवेअर वापरणाऱ्यांना तर कंपनीच सांगते की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि त्याला बॅकअप समजू नका. एकच शब्द, तीन घरांत तीन रीती. नोकरीच्या मुलाखतीत स्नॅपशॉटचा विषय निघाला तर आधी ‘कुठला?’ असं विचारा, अर्धी बाजी तिथेच मारलीत.

डिलीट करताना आणखी एक सावधगिरी. झेडएफएसमध्ये स्नॅपशॉटचं नाव मूळ डेटाच्या नावापुढे @ हे चिन्ह लावून लिहितात. पोटातल्या सगळ्यासकट उडव, अशी कमांड देताना हे चिन्ह आणि त्यापुढचं नाव राहिलं, तर स्नॅपशॉटऐवजी मूळ डेटाच जातो आणि जाताना सगळे स्नॅपशॉट बरोबर घेऊन जातो. म्हणून महत्त्वाच्या स्नॅपशॉटवर ‘होल्ड’ लावून ठेवतात. तो काढल्याशिवाय स्नॅपशॉट उडत नाही.

आणि हरवलेली एक फाइल हवी म्हणून अख्खा सर्व्हर मागे नेऊ नका! ‘रोलबॅक’ हे बटण मोहात पाडतं, पण सोमवारवर परत गेलात की मंगळवार, बुधवारचं कामही जातं आणि झेडएफएसमध्ये मधले स्नॅपशॉटही काढून टाकावे लागतात. प्रत्येक स्नॅपशॉट एका लपलेल्या फोल्डरसारखा उघडता येतो. आत जायचं, हवी ती फाइल उचलायची, बाहेर यायचं.

चावी कुणाकडे?

इथवर आपण स्वतःच्या चुकांबद्दल बोललो. मुद्दाम येणाऱ्याचं काय? खंडणीखोर व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, विंडोजमध्ये शिरला की फाइल्सना कुलूप लावण्याआधी किंवा लावताना तिथल्या शॅडो कॉपी पुसतो. शॅडो कॉपी म्हणजे विंडोजचे स्नॅपशॉटच. चोराला माहीत असतं की तुमच्याकडे काल असेल तर तुम्ही पैसे देणार नाही. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या क्लाउड खात्यात असाच कुणीतरी शिरला आणि डेटा, स्नॅपशॉट, बॅकअप सगळं एकाच ठिकाणाहून उडवलं. कारण सगळ्याची चावी एकच होती. कंपनी बंद झाली. २०२२ च्या जानेवारीत ‘डेडबोल्ट’ने घराघरांतल्या नॅस डब्यांवर हल्ला केला, तो इंटरनेटला थेट उघडे ठेवलेल्या डब्यांवरच. घरबसल्या फाइल्स बघता याव्यात म्हणून राउटरचं दार सताड उघडून ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. रोज एडिटिंगला वापरायच्या लॉगिनला स्नॅपशॉट पुसायचा अधिकार नको. काही डब्यांत ठरावीक दिवस कुणालाच, अगदी मालकालाही, पुसता न येणारे स्नॅपशॉट घेता येतात. ते लावा.

आणि तरीही स्नॅपशॉट त्याच डिस्कवर, त्याच टेबलाखाली असतात. सातबाऱ्यावर कितीही कंस असले तरी दप्तरच वाहून गेलं तर? रत्नागिरी जिल्ह्याला हे समजावून सांगायची गरज नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कुठल्या कॉम्प्युटरमध्ये काय काय होतं, याची यादी कुणी केली असेल? त्यात आपल्याकडची खारी, दमट हवा इलेक्ट्रॉनिक वस्तूंना तशीही फार दिवस जगू देत नाही.

दुसरीकडे प्रत ठेवण्याचा ‘तीन-दोन-एक’ हा नियम (प्रती तीन, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर) ज्याने रूढ केला, तो पीटर क्रोग हा पेशाने फोटोग्राफर. डिजिटल फोटो कसे सांभाळावेत यावर त्याने पुस्तक लिहिलं, तिथून हा नियम जगभरच्या डेटा सेंटरपर्यंत गेला.

चाकरमान्यांबरोबर एक डिस्क

घराबाहेरच्या प्रतीसाठी पुन्हा स्नॅपशॉटच उपयोगी पडतो आणि हा त्याचा मला सगळ्यात आवडणारा गुण. कालचा आणि आजचा असे दोन स्नॅपशॉट असले की झेडएफएस किंवा बीटीआरएफएस त्या दोघांमधला फक्त फरक काढून दुसऱ्या सर्व्हरला पाठवू शकतात. चार टीबीत आज तीन जीबी बदलले असतील तर तीनच जीबी जातात. झेडएफएसमध्ये पाठवणं मध्येच तुटलं तर जिथे तुटलं तिथून पुढे सुरू करायची सोयही आहे. पावसाळ्यात ज्यांची लाइट दिवसातून चारदा जाते त्यांना या सोयीचं मोल वेगळं सांगायला नको.

अडतं ते पहिल्या पूर्ण प्रतीपाशी. ५० मेगाबिटच्या अपलोडने चार टीबी पाठवायला सात-साडेसात दिवस लागतात, तेही सलग. त्यापेक्षा डिस्क हातात देऊन पाठवलेली बरी. हे हसण्यावारी नेऊ नका, जगातल्या एका बलाढ्य कंपनीने हेच केलंय आणि त्या गोष्टीचं एक टोक आपल्याच किनाऱ्यावर आहे. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कॉम्प्युटर निकामी केले. त्यात आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीत कोण कुठे लॉगिन करू शकतं हे ठरवणारे सुमारे १५० सर्व्हर होते आणि ते एकमेकांचे बॅकअप होते. म्हणजे एक पडला तर बाकीचे आहेत, असा हिशेब. पडले ते सगळे एकदम. वाचला एकच, आफ्रिकेत घानामधला. हल्ला झाला तेव्हा तिथली लाइट गेली होती, म्हणून तो नेटवर्कवरच नव्हता!

घानाहून इंग्लंडला ती माहिती इंटरनेटवरून पाठवायची तर लाइन इतकी मंद की कित्येक दिवस गेले असते. शेवटी तिथल्या एका कर्मचाऱ्याने हार्ड डिस्क विमानाने नायजेरियाला नेली, विमानतळावर दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो ती घेऊन लंडनला गेला. सुमारे ४००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे केले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर जाहीर सभेत सांगितलं.

आपल्याकडे तर विमानही लागत नाही. गणपती झाले की घरोघरचे चाकरमानी मुंबईला परततात. पिशवीत नारळ, कोकमं, तांदूळ असतातच. त्यात कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली एक डिस्क गेली तर वजन काही वाढत नाही. डोंबिवलीच्या मावशीकडे एखादा जुना कॉम्प्युटर, त्यात ती डिस्क, आणि पुढे रोज रात्री इथून फरकाचे दोन-चार जीबी. मावशीला फक्त एवढं सांगायचं की प्लग काढू नकोस.

ज्यांच्याकडे नॅसही नाही आणि मावशीही नाही, पण हे शिकायचंय, त्यांच्यासाठी: लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये उबुंटू टाका. झेडएफएसला खरी डिस्क लागतेच असं नाही, एक-एक जीबीच्या दोन साध्या फाइल्सनाच डिस्क समजून तो सरावासाठी पूल बनवून देतो. त्यात आरे-वारेचे चार फोटो ठेवा, स्नॅपशॉट घ्या, फोटो उडवा, परत आणा. मग डिस्क मुद्दाम भरा आणि जागा का सुटत नाही ते शोधा. मग ती @ ची चूक एकदा जाणूनबुजून करून बघा. आणि खरा डबा हाताशी आला की महिन्यातून एकदा, काही हरवलेलं नसतानाही, एक फोल्डर दूरच्या प्रतीवरून परत आणून घड्याळ लावा. १०० मेगाबाइटच्या वेगाने चार टीबी परत यायला अकरा तास लागतात. नवरीमुलीचा फोन येतो तेव्हा तिला ‘उद्या सकाळी’ म्हणायचं की ‘परवा’, हे आधी माहीत असलेलं बरं.